हुरडा, हायटेन्शन तारा आणि अणुभट्टी

गड्ड्याची यात्रा बघायला सोलापूरला गेलो होतो. मावसभावाचं रान होटगीच्या बाजूला आहे, तिथं त्यानं हुरड्याला नेलं. आगटीत कणसं, तळहातावर चोळलेला गरम हुरडा, वर शेंगाचटणी. लांबवर एनटीपीसीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची चिमणी, आणि डोक्यावरच्या हायटेन्शन तारांची सारखी घूंऽऽ.

"ही वीज कुठली रे?"

"चिमणी दिसंना का बे समोर?"

चिमणी दिसतेच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाशी जुळली. तेव्हापासून कैगा, कुडनकुळम आणि तारापूर या साऱ्या अणुभट्ट्या एकाच ग्रिडवर वीज ओततात. तारेतून कोळशाची वीज कुठली नि युरेनियमची कुठली, कोण निवडणार? भुईकोट किल्ल्याइतकीच ही लाइनही बघण्यासारखी आहे, असं माझं मत. भावाला ते पटलं नाही.

१३२० मेगावॉटचं हे केंद्र पूर्ण भारानं चाललं तर दिवसाला वीसेक हजार टन कोळसा लागतो, म्हणजे पाचेक मालगाड्या. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या एका भट्टीला मात्र दिवसाला साधारण पाव टन युरेनियम पुरतं.

काकांनी कणीस बाजूला ठेवलं. "आणि फुटली म्हणजे? हिरोशिमाच की."

तसं होत नाही. तारापूरच्या त्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम असतं, आणि त्यात कामाचा, म्हणजे ज्याचे अणू फुटतात तो यू-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतो. बाँबला तो नव्वदच्या घरात लागतो. भीती आहे ती उष्णतेची. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद भट्टीतलं इंधनही तापत राहतं. त्सुनामीच्या पाण्यात जनरेटर गेले, पंप थांबले आणि इंधन वितळलं.

"किल्लारीच्या रात्री आमच्या फळीवरची भांडी खाली आली होती," काका एवढंच म्हणाले. ३० सप्टेंबर १९९३. दख्खनची जमीन हलत नाही, या समजुतीला तेव्हाच तडा गेला.

बाँबशी नातं नाहीच, असं सांगून मोकळं होणारे मला आवडत नाहीत. भट्टीत युरेनियमपासून प्लुटोनियम तयार होतं. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीसाठीचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या 'सायरस'मधून आलं, आणि ती भट्टी कॅनडानं शांततेच्या कामासाठी म्हणून दिली होती. जगानं मग भारताशी अणुव्यापाराची दारं लावून घेतली, ती २००८ साली उघडली.

"एवढं भारी आहे तर इथंच टाका की एक," भाऊ म्हणाला. कल्पना अगदीच हवेतली नाही. कोळशावर वाढलेली एनटीपीसी राजस्थानात माही बांसवाड्याला अणुप्रकल्पात भागीदार आहे. पण अणुभट्टीची वाफ कोळशाच्या बॉयलरइतकी तापत नाही, म्हणून जास्त उष्णता वाया जाते आणि ती थंड करायला पाणीही जास्त लागतं. तारापूर काय, होऊ घातलेलं जैतापूर काय, दोन्ही समुद्राकाठीच. इथं तर आताच सगळी मदार उजनी धरणावर.

"पाणी?" भाऊ हसायला लागला. "आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येतंय बे."