अंगठ्या मोजणारे

रविवारी दुपारी आमच्या न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये मुलाचे मित्र जमले की हाफटाइमच्या आतच वाद पेटतो: अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सगळ्यात थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा गडी, कोण? परवा चिवडा द्यायला खाली गेलो आणि सापडलो.

चिरंजीवांचं गणित सोपं. टॉम ब्रेडीच्या सात अंगठ्या, जो माँटॅनाच्या चार, पॅट्रिक महोम्सच्या तीन. सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला की अंगठी मिळते, म्हणून अंगठ्या मोजायच्या. लग्नात नवरीच्या अंगावरचं सोनं नजरेनेच तोलणाऱ्या मावश्या मला या पोरांत दिसतात. ब्रेडीची पहिली अंगठी २००२ सालची. बरोबरीत असलेल्या सामन्यात शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून लाथेने चेंडू खांबांमधून धाडला तो त्याच्याच संघातल्या अ‍ॅडम व्हिनाटिएरीने. तिथवर ब्रेडीने आणलं, मान्य. पण लाथ नेमकी चुकली असती तर ब्रेडी काय कमी प्रतीचा झाला असता?

"मग तुमचा कोण, बाबा?"

"डॅन मरीनो."

हशा. कारण मरीनोकडे एकही अंगठी नाही.

१९८४च्या एकाच मोसमात फेकींचे ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपार गुण मिळवून देणाऱ्या फेकी! त्यानंतर पाच हजारांचा टप्पा पुन्हा कुणी ओलांडायला २००८ उजाडलं. चेंडू हातातून इतका झटकन सुटायचा की अंगावर धावून आलेल्यांना रिकामा हात दिसायचा. तो एकुलता सुपर बोल खेळला, तेविसाव्या वर्षी, आणि माँटॅनाच्या संघाकडून ३८-१६ असा हरला. पुढे पंधरा मोसम खेळला. पुन्हा तिथे पोचला नाही.

माझी ही खोड काकांकडून आलेली. १९७५च्या जानेवारीत मद्रास कसोटीत अँडी रॉबर्ट्सने सात बळी घेतले, आपला डाव १९०वर आटोपला, त्यातले नाबाद ९७ एकट्या विश्वनाथचे. काका रेडिओला कान लावून बसलेले. चंद्रशेखर बाद झाला तसे ते उठले, उगाच ओसरीवर फेऱ्या मारल्या, आणि मग जन्मभर कुणी गावसकरांची शतकं मोजायला लागलं की एवढंच विचारायचे, "आणि ते सत्त्याण्णव?" समोरचा शेवटी चहा मागायचा.

जॉनी युनायटसचं नाव मात्र खाली कुणाच्याच यादीत नव्हतं. १९५६ ते १९६०, सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास, तेही बचावपटू चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला मैदानभर ढकलायचे त्या काळात. त्या धसमुसळेपणाला नियमाचा लगाम बसला १९७८ साली. आजचे आकडे फुगलेत ते काही निव्वळ मनगटाच्या जोरावर नाही.

मी म्हटलं, उतारवयात युनायटसचा उजवा हात नीट मिटतही नसे. गोल्फची काठी धरायला पट्टा बांधायचा.

"सो सॅड, अंकल," एकजण म्हणाला, आणि महोम्सला माँटॅनाच्या वर चढवायचं की नाही यावर मतदान सुरू झालं.

२००८ साली ब्रेडीचा गुडघा गेला, तर पुढच्या वर्षी क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावण्याबद्दलचा नियमच कडक झाला. बरंच झालं. फक्त त्याच्या सात अंगठ्या मोजताना हा नियमही कुणीतरी मोजावा, एवढंच माझं म्हणणं. मतदानात मला कुणी विचारलं नाही.