रिमार्कचा कॉलम कुठे न्यायचा? अंबडमधल्या डेटा मायग्रेशनचा माझा अनुभव

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. गाड्यांसाठी पिना, बुश, छोटे शाफ्ट असं टर्निंगचं काम. मालकांनी कंपनी एका मोठ्या ग्रुपला विकली आणि पेढे संपायच्या आत अकाउंट्सला निरोप आला, की 1 एप्रिलपासून सगळं सॅप या सॉफ्टवेअरमध्ये. ग्रुपकडे सॅपचं एस/4हाना आधीपासून चालू होतं. आमच्याकडे एका ओळखीच्या प्रोग्रॅमरने वर्षानुवर्षं ठिगळं लावत चालवलेलं ईआरपी (खरेदी, स्टॉक, ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि जोडीला टॅली. अकाउंट्स माझ्याकडे, म्हणून मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये नेणंही, माझ्याच गळ्यात पडलं.

एक बरं झालं, व्यवहार शेअर खरेदीचा होता. त्यामुळे पॅन आणि जीएसटी नंबर तेच राहिले. कंपनी विलीन झाली असती तर शिल्लक इनपुट क्रेडिट हलवायला आयटीसी-02 हा फॉर्म भरा, सीएचं प्रमाणपत्र जोडा, ही वरात वेगळी निघाली असती.

काय न्यायचं यावर पहिल्याच मीटिंगमध्ये जुंपली. आमच्या जुन्या साहेबांना सगळा इतिहास नव्या सिस्टीममध्ये हवा होता. ग्रुपचं म्हणणं, मास्टर (व्हेंडर, माल वगैरेंच्या मूळ याद्या), शिल्लक स्टॉक, उघड्या ऑर्डरी, न मिटलेली बिलं आणि लेजरच्या शिलका, बस्स. मला ग्रुपचं पटलं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवावी लागतात, पण ती नव्या घरातच मांडावीत असं कुठे लिहिलंय? जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता चालू ठेवायचं ठरलं.

खरी कुस्ती व्हेंडर मास्टरशी झाली. एकच व्हेंडर तीन स्पेलिंगने तीनदा. जीएसटी नंबरमधली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन, त्यावरून जोड्या लावायच्या असं कन्सल्टंटने सांगितलं. युक्ती चांगली, पण अंबड-सातपूरला अपुरी. इथे एकाच माणसाच्या दोन प्रोप्रायटरी फर्म असतात, एक 'इंजिनिअरिंग', दुसरी 'एंटरप्रायझेस'. पॅन मालकाचा, म्हणून दोन्हींचा एकच. बँक खाती मात्र वेगळी, आणि बिलावर ज्या फर्मचं नाव त्याच खात्यात पैसे गेले पाहिजेत, नाहीतर मालकाचा फोन आलाच. अशा फर्म यादीतून वेचून वेगळ्या काढल्या.

बँक खात्यांची आणखी एक गंमत. जुन्या ईआरपीतून फाइल निघाली की कुणीतरी ती डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडणार. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंक धरतं, पुढचे शून्य करून टाकतं. म्हणजे 16 अंकी खात्याचा शेवटचा अंक गेला आणि सुरुवातीची शून्यंही गेली. कॉलम आधी टेक्स्ट करून मगच फाइल आत घ्यायची, हा कागद मी सगळ्यांच्या टेबलावर चिकटवला. शिवाय आयएफएससीतलं पाचवं अक्षर शून्य असतं, आमच्याकडे तिथे निम्म्या ठिकाणी इंग्रजी ओ.

आणि मग रिमार्क. जुन्या स्क्रीनवर प्रत्येक नोंदीखाली रिमार्कचा एक रकाना होता. सॅपमध्ये डेटा चढवायच्या टेम्प्लेटमध्ये त्याला जागाच नव्हती. 'फ्री टेक्स्ट आहे, सोडून द्या मॅडम,' पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला. मी प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवली. 'पिवळं झिंक, पांढरं नको.' 'उद्यम आहे, 45 च्या आत.' 'बार किलोने येतो, मीटरने जातो.' 'ड्रॉइंग बदललं, जुना माल संपेपर्यंत चालेल.' अर्धा कारखाना या रकान्यावर चालत होता. उद्यमचंच घ्या, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी. ग्रुपची पेमेंट टर्म सरसकट 60 दिवसांची. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला आणि वर्षअखेरीला रक्कम बाकी राहिली, तर आयकरात त्या वर्षी तो खर्च धरत नाहीत. सरसकट 60 चढलं असतं तर सीएसाहेबांनी आम्हाला उभं केलं असतं.

मग स्टोअरकीपर काका, पर्चेसचा मुलगा आणि मी, तिघांनी रिमार्क वाचायला घेतले. काका सुरुवातीला नाराज होते. 'मॅडम, एवढं कॉम्प्युटरला कशाला सांगायचं? मी आहे ना.' तुम्ही मे महिन्यात रिटायर होताय काका, एवढंच मी म्हटलं. त्यानंतर ते स्वतःच्या वह्याही घेऊन आले.

बारचा रिमार्क सगळ्यात महागाचा निघाला. पहिल्या मॉक लोडनंतर, म्हणजे डेटा सरावापुरता चढवून बघितल्यावर, स्टॉकची किंमत ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याशी) जुळेना, फरक लाखांत. 32 मिमीचा बार बघितला. आमच्याकडे स्टॉक मीटरमध्ये, दर मात्र किलोचा. काकांनी तोंडीच हिशोब केला: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 1024 भागिले 162, मीटरला 6.32 किलो. 100 मीटर बार म्हणजे 632 किलो माल, लोड झाला 100 किलो म्हणून. प्रत्येक जाडीच्या बारला वेगळं गुणोत्तर बसवलं, तेव्हा कुठे आकडा जागेवर आला. वॉशर आणि सर्क्लिप किलोने घेतो, नगाने देतो; तिथे तर काकांनी शंभर-शंभर नग काट्यावर ठेवून वजनं काढली.

जॉबवर्कचा माल राहिला होता. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल आपलाच, पण पडलेला दुसऱ्याकडे. जुन्या ईआरपीत त्याचा पत्ता नाही, सगळं चलनबुकात. सॅपमध्ये तो व्हेंडरच्या नावावर दाखवावा लागतो. त्यात एक मेख होती. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटी धरतं. ओपनिंग स्टॉक 1 एप्रिलला चढवला की सिस्टीम तारीखही 1 एप्रिलच दाखवणार आणि आदल्या जुलैत गेलेला माल ताजा दिसणार. म्हणून मूळ चलनाचा नंबर आणि तारीख ओळीओळीला वेगळ्या फील्डमध्ये भरून घेतली. व्हेंडरकडे जाऊन माल मोजायलाही लागला. 'ताई, तुमचा माल मागेच पाठवला,' असं एकाने ठामपणे सांगितलं आणि काकांनी त्याच्याच शेडमधून आमचे दोन क्रेट ओढून काढले.

कटओव्हर, म्हणजे जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जाणं, त्या मानाने सुरळीत गेला. 31 मार्चच्या संध्याकाळी एंट्री बंद, गेटवर हाताचं रजिस्टर, रात्रभर मोजणी. बिलांची नवी सीरिज सुरू केली. 16 अक्षरांत बसवायची म्हणून ग्रुपचा लांबलचक प्रिफिक्स कापावा लागला, त्यावर मेलामेली झाली. पहिल्या ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक) आला तेव्हा ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळला होता.

ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला, एक खातं सोडून. एका प्लेटरकडच्या मालात आमचं आणि त्याचं अजून जमत नाही. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवलीय. तो म्हणतो दसऱ्याला बसू, मी म्हणते तिमाही संपायच्या आत बसू.