समासातली पेन्सिल

हस्तलिखित तपासून घ्यायला येणाऱ्यांची नजर आधी माझ्या टेबलावर लाल पेन शोधते. ते नसतं. पेल्यात पेन्सिली असतात, बहुतेक लाल-काळ्या पट्ट्यांच्या नटराज आणि थोड्या 2बी. 2बी मऊ असते. झेरॉक्सच्या कागदावर ती खरखरत नाही, खोडली की मागे चरही राहत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामेजलेल्या तळव्याखाली जेल पेनची शाई फराटते. पेन्सिलीला तो त्रास नाही. पण ही झाली सोय. खरं कारण असं, की शाईची रेघ लोकांना निकाल वाटते. पेन्सिलीनं लिहिलं की लेखकाला माझ्याशी भांडता येतं, आणि तो भांडलेला मला हवा असतो.

या धंद्यात मी शिरले ती नवी पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानातून. प्रबंध, अहवाल, वास्तुशांतीची आमंत्रणं, आणि लग्नसराईत पत्रिकाच पत्रिका. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड किंवा तेलुगू. आत्याच्या नावातली वेलांटी चुकली तर लग्नात काय होतं, ते मी तिथं ऐकलं आणि तेव्हापासून विशेषनामं दोनदा वाचते. पुढे एका दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत रात्रपाळीला मुद्रितशोधनाचं काम केलं. पानं लागायच्या घाईत कोणती चूक उद्या सकाळी गावभर होईल आणि कोणती कुणाच्याच लक्षात येणार नाही, याचा अंदाज तिथं आला. मग ती जागाच बंद झाली. तेव्हापासून घरी.

घरी काम करणाऱ्याकडे लोक ‘जरा नजर टाका’ म्हणत येतात. नजर टाकायची असते तीनशे पानांवर. ती जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये उतरवलेली, त्यामुळे जिथं जिथं ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ आहे तिथं र मोडून पडलेला. मी फर्म्यावर दर सांगते, 16 पानांचा एक फर्मा. काही जणांना ते ऐकून धक्का बसतो. पुढच्या वेळी ते शेंगाचटणीची पुडी घेऊन येतात. मी पुडी घेते आणि बिलही देते. प्रबंध ‘लिहूनच द्या’ म्हणणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवते, चहासुद्धा नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार येऊ लागलाय. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर. ऱ्हस्व-दीर्घ चोख, वाक्यं एका मापाची. आजीच्या आठवणींवरच्या एका लेखात आजीचं गाव नव्हतं, आजार नव्हता, तिच्या तोंडची एक शिवी नव्हती. दुरुस्त करायला काही सापडेना. शेवटी समासात एवढंच लिहिलं, ‘आजी कुठल्या?’ बाई फोनवर म्हणाल्या, ‘अक्कलकोटच्या.’ आणि पुढे कितीतरी वेळ बोलत राहिल्या. ते बोलणं लिहून आणा म्हटलं.

नियमांचा मला कंटाळा आहे असं मात्र समजू नका. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 मध्ये भर पडलेले 4, असे अठराच्या अठरा मी मानते. ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाला’ ऱ्हस्व, यावर माझ्याकडे तडजोड नाही. पण हे नियम करणारी माणसं शहाणी होती. पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. केशवसुतांच्या आधीची कविता छापताना ती मुळात आहे तशीच छापायची, तिला आजचे नियम लावायचे नाहीत, हेही त्यांचंच. हात कुठे थांबवायचा ते नियमांतच आहे. शुद्धलेखनावरून हमरीतुमरीवर येणारे नेमकं तेवढंच वाचत नाहीत.

पूर्व भागातल्या एक अक्का विडी कामगार होत्या. घरी तेलुगू, शाळा मराठी, सातवीपर्यंत. त्यांनी विड्यांच्या हिशेबापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं लिहून काढलंय. त्यांच्या पानांवर ‘काय करूलालास बे’ असं मुलगा बोलतो. एका नातेवाइकानं त्यांना ते ‘काय करतोयस रे’ करून आणायला सांगितलं होतं. मी ते खोडून मूळचं परत लिहिलं, आणि लिंगाच्या चुका तेवढ्या निवेदनात दाखवल्या. अक्कांनी सगळ्या मानल्या नाहीत. दोन ठिकाणी त्यांचंच बरोबर वाटतं मला. तिथं बोलण्याचा वेग आहे, तो सुधारल्यावर गेला असता.

रविवारी लेखनाचा वर्ग घेते. नळाला पाणी येण्याचा दिवस आला की वर्ग पुढे ढकलावा लागतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. संक्रांतीनंतर सगळ्यांना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर लिहायला लावलं. वहीमागून वहीत मिरवणुकीतले सात उंच नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, पांढऱ्या बाराबंद्या, ‘अलोट गर्दी’ आणि ‘भक्तिमय वातावरण’. वर्तमानपत्रात वाचलेलंच परत आलेलं. एकीच्या समासात मी विचारलं, ‘तुम्ही कुठं उभ्या होतात?’ ती कुठेच उभी नव्हती. तिचा नवरा नंदीध्वज धरतो. आधी कितीतरी दिवस सराव चालतो, आणि रात्री ही मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याची कंबर शेकते. यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षतांच्या वेळी ती घरी होती, जावेचं लहान मूल सांभाळत, आणि ‘हर्र बोला हर्र’ टीव्हीवर ऐकत होती. हे तिनं पुढच्या आठवड्यात लिहून आणलं. मी एक स्वल्पविराम घातला, तोही पेन्सिलीनं.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक हस्तलिखितावर लेखकाशी बारकाईनं बोलत. माझ्याकडे तेवढा अधिकार नाही, पण बोलायला बंदी थोडीच आहे. सध्या एका निवृत्त तलाठीकाकांच्या आठवणी चालू आहेत. दुष्काळाचं प्रकरण सुरेख झालंय. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी, खडी, मुकादम, सगळं समोर दिसतं. मधेच एक वाक्य आहे: ‘त्यानंतर भावाकडे जाणे सोडले.’ मी बाजूला विचारलं, ‘काका, का?’

पानं परत आली. माझ्या पेन्सिलीखाली निळ्या पेनानं, तलाठ्याच्या वळणदार अक्षरात उत्तर होतं: ‘खाजगी आहे. पुढे वाचा.’

त्याखाली मी लिहिलंय, ‘मग हे वाक्यही काढू या का?’ काका गुरुवारी येणार आहेत.