टॅब्लेट आणि टूलबॉक्समधली वही

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये गेल्या वर्षी प्रत्येक सीएनसी लेथशेजारी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राशेजारी, एक टॅब्लेट बसवण्यात आला. मशीन थांबले की ऑपरेटरने त्यावर कारण निवडायचे आणि वाया गेलेल्या वेळेचा हिशेब आपोआप तयार व्हायचा, अशी ती योजना होती. पहिल्या महिन्याच्या अहवालात बहुतेक नोंदी ‘इतर’ या एकाच रकान्यात पडल्या, आणि बैठकीत त्याचा ठपका ऑपरेटरांवर आला.

मला ते पटले नाही, म्हणून मी चार दिवस दुसऱ्या पाळीत मशीनजवळ उभा राहिलो. टॅब्लेटचा पडदा कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालणारा असल्याने साध्या हातमोज्यातले बोट त्याला कळत नव्हते. हातमोजा काढायचा, कूलंटने, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाने, माखलेला हात पुसायचा, इंग्रजीतली बावीस कारणे वरखाली सरकवायची. तोवर त्याच ऑपरेटरच्या दुसऱ्या मशीनवरचा जॉब संपलेला असे. एक माणूस दोन मशीन सांभाळतो, हे ती यादी करताना कोणी विचारातच घेतले नव्हते. खरी कारणे मात्र टूलबॉक्समधल्या वहीत वेळेसह लिहिलेली सापडली: ‘इन्सर्ट तुटला’ (म्हणजे धातू कापणारा बदलता तुकडा), ‘लाईट गेली’, ‘क्रेनची वाट’. यांतले शेवटचे कारण त्या बाविसांत नव्हतेच.

१९८०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने फोटोकॉपी यंत्र वापरणाऱ्यांचे चित्रीकरण केले होते. यंत्राने गृहीत धरलेला क्रम आणि समोरच्या माणसाचे प्रत्यक्ष वागणे यांत किती अंतर असते, ते त्यातून दिसले. वापरणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहण्याला पर्याय नाही, असे मला त्या चार दिवसांनंतर ठामपणे वाटते.

आम्ही वहीतलेच शब्द घेऊन सहा मोठी मराठी बटणे केली आणि दोन मशीनवर दाबाने चालणारा, म्हणजे हातमोज्यासकट वापरता येणारा रेझिस्टिव्ह पडदा लावून पाहिला. ‘इतर’ झपाट्याने घटले, आणि क्रेनमुळे किती वेळ जातो हे व्यवस्थापनाला प्रथमच दिसले.

वही अजून तिथेच आहे. ‘चार नंबरचा टरेट फिरताना आवाज करतो, लक्ष ठेव’ (टरेट म्हणजे कापायची हत्यारे धरणारे फिरते डोके) अशा निरोपासाठी पडद्यावर जागा नाही, म्हणून ती बंद करण्याच्या सूचनेला मी लेखी विरोध नोंदवला आहे.