शब्दमोजणीची नोंदवही: मांडणी बदलली, स्ट्रीक तीच

हस्तलिखिताचे शब्द मोजणाऱ्या माझ्या एक्सेल शीटमध्ये या टप्प्यात मोठा बदल एकच. रोज लिहिलेले शब्द नोंदवणं बंद केलं, आता नोंद होते ती हस्तलिखिताच्या एकूण शब्दसंख्येची. आजच्या एकूणातून कालचं एकूण वजा केलं की आजचे शब्द शीट स्वतःच काढते. एखादा दिवस चुकीचा भरला, तरी पुढच्या बरोबर नोंदीनंतर बेरीज जागेवर येते.

रकाने चार: तारीख, एकूण, आजचे शब्द, स्ट्रीक (किमान २०० शब्द लिहिलेले सलग दिवस). महिन्याच्या सगळ्या तारखा आधीच भरून ठेवायच्या, नाहीतर हुकलेल्या दिवसाची ओळच नसते आणि स्ट्रीक खोटी चालू राहते. हुकलेल्या दिवशी कालचंच एकूण पुन्हा लिहायचं. पहिल्या ओळीत सुरुवातीचं एकूण आणि स्ट्रीकसाठी शून्य टाका. स्ट्रीकचं सूत्र वरच्या ओळीतल्या आकड्यात एक मिळवतं; वर रकान्याच्या शीर्षकाचा मजकूर असेल तर ते एरर देतं.

खरी गंमत पुढच्या तारखांची. एकूण रिकामं असेल तर ‘आजचे शब्द’मध्येही रिकामा मजकूर दाखवा असं सूत्र बहुतेक जण लिहितात. पण एक्सेल तुलना करताना मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरतं! त्यामुळे ‘२०० किंवा जास्त’ ही अट रिकाम्या दिवसांनाही लागू होते आणि न आलेल्या तारखांची स्ट्रीक वाढत जाते. स्ट्रीकच्या सूत्रातही आधी एकूणाचा रकाना रिकामा आहे का ते तपासा.

किमान आणि टार्गेट वेगळे ठेवलेत. किमान २०० शब्द, फक्त स्ट्रीकसाठी. टार्गेट मुदतीवरून: ६०,००० शब्द, ९० दिवस, म्हणजे रोज ६६७. त्यातले १३ रविवार सुट्टी धरले तर ७७ दिवस उरतात आणि आकडा ७८० वर जातो. सुट्ट्या आधीच वजा करा. स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट टार्गेटच्या पर्यायांत मुदत आणि लिहिण्याचे वार दिले की सेशनचं (एका बैठकीचं) टार्गेट तोच काढतो. तिथेच सेशनची मोजणी कधी शून्यावर यावी तेही ठरवा. रात्री बारानंतर लिहिणाऱ्यांनी मध्यरात्रीचा पर्याय ठेवू नये, एकाच बैठकीचे दोन तुकडे होतात. आणि उणे आकडे दाखवायची मुभा बंद असेल, तर लिहिलेलं खोडलं त्या दिवशी सेशनचा आकडा शून्यावरच थांबतो, पण हस्तलिखिताचं एकूण मात्र घटलेलं असतं. मग शीट आणि सॉफ्टवेअर जुळत नाहीत.

देवनागरीसाठी एक चाचणी नक्की करा. शब्द मोजणाऱ्या साधनात ‘पाणी पिऊन घरी आलो’ एवढंच चिकटवा. चार यायला हवेत. शून्य आलं तर ते साधन फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतंय. सहा आले तर काना-मात्रांवर शब्द तोडतंय. ‘पाणी’चे दोन, ‘पिऊन’चे दोन. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शब्द शोधायच्या नेहमीच्या साच्याने (रेग्युलर एक्स्प्रेशनने) मोजलं की हेच होतं. मोकळ्या जागेवर तोडलं की आकडा बरोबर येतो. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये शब्दांना चिकटून आलेली लांब रेघ विभाजक धरायची की नाही हे सेटिंगमधून ठरतं, म्हणून संवादबहुल प्रकरणात दोन साधनांचे आकडे जुळतीलच असं नाही. एकच साधन धरून चाला.

पुनर्लेखनाला ही मोजणी निरुपयोगी आहे. त्यासाठी पाचवा रकाना जोडलाय: मिनिटं, किमान ३०. शब्द किंवा मिनिटं, यापैकी एक किमान गाठलं की स्ट्रीक चालू.