वळकटी ट्रकवर, पिशवी खांद्यावर

पहाटे काकडा होतो, राहुट्या उतरतात, वळकट्या ट्रकवर चढतात आणि ट्रक पुढे निघून जातो. दुपारच्या विसाव्याला तो भेटला तरी आपली वळकटी पन्नास वळकट्यांच्या खाली असते. म्हणजे अंधारात चालायला लागल्यापासून संध्याकाळी तळावर टेकेपर्यंत वारकऱ्याजवळ काय असतं, तर पायातली चप्पल, गळ्यातली माळ आणि खांद्यावरची पिशवी. पहिल्यांदा वारीला निघणारी माणसं मला विचारतात, "काय काय घेऊ?" त्यांच्या मनात बूट, गोळ्या, मलम असं काहीतरी असतं. ते लागतंच. पण दिंडीत मुरलेल्या माणसांच्या पिशव्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांत निघतात त्या वस्तू दुकानात विचारून कळणाऱ्या नाहीत.

सगळ्यात आधी प्लास्टिकचा कागद. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, म्हणजे पाऊस आज येईल की उद्या, असे दिवस. शहरातून येणारे छत्री आणतात. ती आणू नये असं मी म्हणत नाही, तिचा एक उपयोग पुढे सांगणार आहे. पण दिंडीच्या रांगेत छत्री चालत नाही. हातात टाळ असतात आणि शेजारी माणूस इतका जवळ असतो की काडी थेट त्याच्या डोळ्यात जाईल. कागदाचं घोंगतं केलं की दोन्ही हात मोकळे राहतात, खालची पिशवी कोरडी राहते, आणि पावसात अभंग मध्ये तोडावा लागत नाही. तोच कागद दुपारी जेवायला बसायला, तोच रात्री ओल्या जमिनीवर अंथरुणाखाली. मीटरवर मिळतो. आपल्या उंचीपेक्षा हातभर जास्त घ्यावा. फार पातळ घेतला तर दिवे घाटातल्या वाऱ्यात फाटतो, फार जाड घेतला तर घडी होत नाही आणि दिवसभर खांदा ओढतो.

कागदावर पहिला हक्क मात्र पखवाजाचा. पाऊस आला की आमच्या दिंडीत माणसं स्वतःच्या डोक्यावरचा कागद काढून आधी पखवाजावर टाकतात. पखवाजी माऊलींच्या पिशवीत मी काय पाहिलं ते सांगते: एक हातोडी आणि एक झाकणाचा लहान डबा. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्याशिवाय तो घुमारा येत नाही. उन्हात चालता चालता ती कणीक वाळते, तडकते, गळून पडते. मग विसाव्याला जुनी खरवडून काढायची, बोटाने पाण्याचा हात लावत नवी बसवायची, हातोडीने उजवी बाजू स्वरात आणायची. दिंडीतल्या साऱ्या टाळकऱ्यांची पावलं त्या एका वाद्यावर पडत असतात. डब्यातली कणीक संपली तर चाल मंदावते, हे मी पाहिलेलं आहे. माझ्या दृष्टीने वारीतल्या सगळ्या पिशव्यांमधली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

तसंच टाळाच्या दोरीचं. दोरी बोटाला घासून घासून झिजते आणि ऐन भरात तुटते. टाळकऱ्यांच्या खिशात जादा दोरी असतेच. विणेकऱ्यांकडे वीणेची तार असते. वीणा खाली ठेवायची नसते, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पाया पडून. त्यामुळे तार बदलायची तरी दुसरा माणूस वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो आणि पहिला तार ओवतो. हे उभ्या रस्त्यावर, कडेला, दोन मिनिटांत होतं.

आता पाय. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशीचा उपवास. तापलेल्या डांबरावर तळव्याला फोड येतात ते त्याच दिवशी. संध्याकाळी सासवडला कानावर पडणारं वाक्य एकच, "माऊली, सुई हाय का?" सुई-दोरा प्रत्येक जुन्या वारकऱ्याकडे असतो. कुणी टोपीच्या आत टोचून ठेवतो, कुणी पदराच्या काठात. जुनी रीत अशी की फोडातून दोरा ओवायचा आणि तो तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वैद्यकीय पथकातल्या एका डॉक्टरांनी ही रीत अर्धीच पाळायला सांगितली. दोरा आत ठेवला तर त्याच्याबरोबर रस्त्याची घाणही आत जाते. फोड लहान असेल तर त्याला हातच लावायचा नाही. मोठा आणि दुखरा असेल तर जागा धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी जाऊ द्यायचं, वरची कातडी काढायची नाही, आणि स्वच्छ पट्टी बांधायची. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सुई हातात न घेता सरळ पथकाकडे जावं, हे मी दरवर्षी ज्याला त्याला सांगते. आम्हा गावाकडच्या माणसांना पायाची जखम किरकोळ वाटते, आणि साखर असलेल्या माणसाचा पाय त्या किरकोळीनेच जातो.

फोडाइतकाच त्रास मांड्या घासण्याचा. त्याबद्दल कुणी बोलत नाही, बायका तर नाहीच. व्हॅसलीनची डबी किंवा खोबरेल तेलाची छोटी बाटली ट्रकवर न टाकता जवळ ठेवावी. ती सकाळी निघताना लावायची असते, घासल्यानंतर नाही.

बायकांच्या पिशवीत एक जुनं, मऊ झालेलं सुती लुगडं असतं. त्याचे उपयोग मोजत बसले तर मुक्काम येईल. उघड्यावर अंघोळ करायची तर दोघी त्याची टोकं धरून उभ्या राहतात आणि तिसरी आत. पुढे लचकलेल्या घोट्याला त्याचीच पट्टी. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या माऊलींची चुंबळ त्याचीच. नीरेच्या पाण्यात बुडी मारून झाली की धुतलेलं पातळ दोघींनी दोन बाजूंना धरून चालायचं, वारा आणि ऊन आपलं काम करतं, लोणंदच्या आधी ते वाळलेलं असतं. एकटी असेल तर सेफ्टीपिना. पिशवीच्या पाठीवर परकर, ब्लाऊज, टॉवेल पिनांनी अडकवून चालणाऱ्या बायका पाहिल्या की पहिल्यांदा आलेल्या मुली लाजतात. दोन मुक्कामांनंतर त्याही तशाच चालतात. ओले कपडे वळकटीत बांधून ट्रकवर टाकले तर रात्री अंथरूण कुबट आणि ओलं मिळतं, म्हणून ही काळजी.

आणि आता ती छत्री. आता पालखीमार्गावर फिरती शौचालये असतात, पाण्याचे टँकर असतात, आधीच्या मानाने फार बरं आहे. पण गर्दीच्या मानाने ती पुरत नाहीत, आणि रस्त्यात जिथे अडचण होते तिथे ती नसतात. मोकळ्या माळावर उघडलेली काळी छत्री म्हणजे आडोसा. दोघींनी दोन छत्र्या धरल्या की तिसरीला धीर येतो. पाणी कमी पिऊन अडचण टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याच बायका पुढे भोवळ येऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्याही पाहिल्या आहेत. पाणी प्या आणि छत्री जवळ ठेवा. पाळीच्या दिवसांसाठी लागणारं सगळं घरूनच घ्यावं, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांसह, कारण वापरलेलं गुंडाळायला कागद मिळत नाही आणि ते शेतात टाकणं म्हणजे ज्याच्या रानात आपण मुक्कामाला उतरलो त्याचा अपमान आहे.

वळकटीची खूण ही वेगळी गोष्ट. ट्रक रिकामा होतो तेव्हा सगळ्या वळकट्या सारख्याच दिसतात: निळा किंवा काळा कागद, वर सुतळी. अंधार पडत आलेला, पाय ठणकत असलेले. ज्याने रंगाने ठळक नाव आणि दिंडीचा नंबर घातला आहे त्याला ती लगेच मिळते. आमच्या दिंडीतल्या लातूरकडच्या एका आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी वळकटीला नातवाच्या झबल्याची पिवळी पट्टी शिवली आहे. ट्रकवरचा पोरगा ती पट्टी दिसली की लांबूनच हाक देतो, "आजी, घ्या तुमचं!"

दिंडीचा नंबर वळकटीपेक्षा जास्त लागतो तो माणसाला. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. "रथामागे अमुक नंबर" हा वारीतला पत्ता आहे. चुकलेल्या माणसाने तेवढं सांगितलं तर कुणीही बोट दाखवतो. मोबाइलच्या भरवशावर राहिलेल्यांची पंचाईत होते. गर्दीत नेटवर्क बसतं, नाहीतर चार्जिंग संपतं. म्हणून एका कागदावर दिंडीचा नंबर, दिंडीचालकांचा फोन, घरच्या दोघांचे फोन आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून, तो प्लास्टिकमध्ये घालून, म्हाताऱ्या माणसांच्या बंडीच्या किंवा ब्लाऊजच्या आत शिवून टाकावा. पिशवीत ठेवू नये. पिशवी हरवते.

हरवलेलं मिळतंही. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार चोप उंच धरतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, तिथे जाऊन ऐकून घेतलं जातं. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ती यादी कान देऊन ऐकावी. माणसं कशावाचून अडतात ते तिथे कळतं. त्यात चष्मा असतोच. ते ऐकल्यापासून मी ओळखीच्या वयस्कर माणसांना जुना, नंबर थोडा बदललेला का होईना, पण दुसरा चष्मा न्यायला लावते, आणि वापरातल्याला दोरी बांधायला. चष्म्याशिवाय हरिपाठाची पोथी दिसत नाही. ज्यांचा पाठ आहे त्यांचं अडत नाही, पण रस्त्यावरचा खड्डा त्यांनाही दिसावा लागतो.

नव्या पिढीने पिशवीत घातलेली एक वस्तू मला मनापासून आवडते, ती म्हणजे चार-सहा पिनांची विजेची फळी, लांब वायरची. शाळेच्या पडवीत मुक्काम पडला तर भिंतीवर एकच सॉकेट चालू असतं. आमच्यातल्या एका मुलाने फळी लावली की तिच्याभोवती पंधरा-वीस फोन आपापली पाळी धरून पडतात. कुणाची म्हातारी घरी एकटी आहे, कुणाच्या शेतावर पेरणी अर्धी टाकून तो आला आहे. रात्री नऊला ज्याचा फोन लागतो तो पाऊस झाला का ते विचारतो आणि मगच झोपतो. फळीला पाण्यापासून जपावं, पावसात राहुटीत लावू नये, एवढंच.

आणि एक रिकामी डबी. काही न भरता घरून निघताना घ्यायची. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, म्हणजे रांगेत उभ्या दिंड्यांमधून अश्वाची दौड, आणि सदाशिवनगरला गोल. माऊलींचा अश्व दौडून गेला की माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. चिमूटभर घरी न्यायची असते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. पदरात बांधली तर पुढच्या पावसात चिखल होतो. डबी असली की राहते. माझ्याकडून ती माती मागून घेणारी माणसं आहेत, अंथरुणावरची. त्यांच्यासाठी ही डबी मी औषधांच्याही आधी पिशवीत टाकते.

पंढरपूरला पोचल्यावर बहुतेकजण एसटीने परततात. काहीजण मात्र पालखीबरोबर आळंदीपर्यंत परत चालत जातात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की परतवारी सुरू होते. त्यासाठी पिशवी वेगळी भरावी लागते. येताना जागोजागी चहा, केळी, शेंगदाण्याचे लाडू देणारी माणसं असतात, दवाखान्याच्या गाड्या असतात. परतताना यांतलं फारसं काही नसतं. माणसं मोजकी, टप्पे लांब, चाल भराभर, आणि पाऊस आता खरोखरचा. म्हणून परतवारीला जाणाऱ्याने पाण्याच्या दोन बाटल्या, दोन दिवस पुरेल एवढे शेंगदाणे आणि गूळ, मीठ-साखरेच्या पुड्या, पायाच्या पट्ट्यांचा नवा गुंडा, चांगली बॅटरी आणि तिचे जादा सेल हे पंढरपुरातच घेऊन ठेवावं. कागद येताना विरलेला असतो. तोही नवा घ्यावा, या वेळी थोडा जाड चालेल.