चढावरची गाडी आणि पाठीमागचा चिरा

गाडीच्या लायसनच्या पहिल्या टेस्टला माझा एच, म्हणजे काठ्यांमधून इंग्रजी एचच्या आकारात गाडी पुढे-मागे घेणं, व्यवस्थित निघाला होता. रिव्हर्स घेताना एकाही काठीला गाडी लागली नाही. पण पुढे चढावर थांबून गाडी उचलायला सांगितली आणि तिथे ती हातभर मागे आली. मी घाबरून क्लच सोडला, इंजिन बंद. मोटार वाहन निरीक्षकांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "ताई, चढावर हात बसवा आणि परत या." सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते, पण मी तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांबद्दलच सांगायचं आहे, कारण मी गाडी शिकले ती तेव्हा.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, पालशेतच्या बाजूला. घर खाली माडांच्या वाडीत, रस्ता वर. सासूबाईंना काचबिंदू आहे, दर तीन महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायला चिपळूणला न्यावं लागतं. नवरा मुंबईला. त्यांची गाडी गणपतीत आणि शिमग्यात फिरते, एरवी मांडवात उभी. गाडी दारात असताना आम्ही दोघी पहाटे अंधारात एसटीची वाट बघत उभ्या राहायचो. गेल्या दिवाळीत ठरवलं, आपणच शिकायचं.

कागदपत्रांचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. लर्निंगची, म्हणजे शिकाऊ लायसनची, परीक्षा आधार जोडून घरूनच ऑनलाइन दिली. वय चाळीसच्या पुढे असल्याने डॉक्टरांचा दाखला लागला, तो आठवणीने आधीच काढून ठेवावा. लर्निंग हातात आल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि ते 6 महिने चालतं. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावायचा, शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसवायचा. टेस्टला जाताना गाडीचं आरसी (नोंदणीचा कागद), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) तारखेत आहेत ना, ते आदल्या दिवशी बघून घ्या. आमच्या गाडीची पीयूसी संपलेली होती, ती मला ऐनवेळी शृंगारतळीला जाऊन काढावी लागली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी गिअर, आरसे, सिग्नल सगळं नीट शिकवलं. एचचा सराव मात्र सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, केला. कातळात काठी रोवत नाही, म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरली आणि त्यांत चिव्याच्या काठ्या उभ्या केल्या. सकाळी सहाला सड्यावर कोणी नसतं, खाली समुद्र दिसतो आणि वेळ आपली असते. तिथे एच येतो. पण सडा सपाट. चढ तिथे शिकता येत नाही, आणि आमच्याकडे सपाट रस्ता असा आहेच किती?

नापास होऊन आले तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, उद्यापासून पाखाडीजवळच्या चढावर." ते आंब्याचा टेम्पो चालवतात, त्या दिवसांत त्यांना फुरसत कमीच, तरी रोज संध्याकाळी अर्धा तास दिला. त्यांनी एक चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, आणला आणि मागच्या चाकापासून दोन हात अंतरावर ठेवला. गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग उचलायची. चाक चिऱ्याला टेकता कामा नये.

पहिले दोन दिवस दर दुसऱ्या वेळेला टेकलं. मी पायाकडे लक्ष देत होते. दीर म्हणाले, "पायाचा विचार सोडा, कानाने ऐका." पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश वर सोडला की एका जागी इंजिनचा आवाज जड होतो. बॉनेट जरासं उचललं जातं आणि सीटखाली बारीक थरथर जाणवते. तोच हाफ क्लच. पाय तिथेच धरून ठेवायचा, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे न येता पुढे निघते. चौथ्या दिवशी तो आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्यानंतर चिरा एक हातावर आला, मग वीतभर, शेवटच्या आठवड्यात चार बोटं.

त्याच चढावर लर्निंगच्या परीक्षेतला एक नियमही खरा कळला. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. मी तो पाठ केला होता. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायला काय लागतं ते स्वतः केल्यावर मात्र मी उतरताना समोर कोणी दिसलं की आधी कडेला घेते.

शिमगा आटोपला आणि दुसरी टेस्ट दिली. बसल्यावर आधी सीट, मग आरसे, मग बेल्ट, हे सगळं घाई न करता केलं. चढावर थांबवलं तेव्हा मी आवाज येईपर्यंत थांबले. निरीक्षकांनी मान हलवली आणि पुढे जायला सांगितलं. पास झाले. लायसन पोस्टाने घरी आलं, 10 वर्षांसाठी.

चिपळूणची पहिली फेरी सकाळी सातला काढली. पाखाडीजवळच्या चढावर समोरून एसटी आली. वळणावर जागा नव्हती, मी मध्येच थांबले. ड्रायव्हरने एसटी कडेला दाबून हाताने "या" म्हणून खूण केली. मागे दोन दुचाक्या अगदी खेटून उभ्या होत्या. हँडब्रेक, पहिला गिअर, आवाज जड झाला, आणि गाडी निघाली.

सासूबाईंनी पिशवीतून थेंबांची बाटली काढत विचारलं, "आठ वाजले का गं?" वाजायला पाच मिनिटं होती आणि शृंगारतळी मागे पडली होती.